नावेच्या पोटाचा रंग

शप्पथ! नर्मदा मैयाची शप्पथ, खजराण्याच्या गणपतीची शप्पथ, आणि माझ्या वरच्या दातांची शप्पथ. खालचे नकली आहेत म्हणून त्यांची खात नाही, खोटी शप्पथ आपल्याला जमत नाही. आता जे सांगते आहे त्यातला शब्द न शब्द खरा आहे. मध्येच कुणी "काय आजी, फेकून राहिल्या" म्हणालं, तर त्याने उठून जावं. चहा मिळणार नाही.

तर, आमची इंदूरची मिल बंद पडली. भोंगा थांबला त्या दिवशी परदेशीपुऱ्यातले कोंबडे आरवलेच नाहीत. तेही बिचारे भोंग्यावरच उठायचे ना! पेपरात रोज यायचं, देश खुलून राहिला आहे, बाहेरचा माल येऊन राहिला आहे. आमच्या गल्लीत मात्र जे उघडं होतं तेच बंद होऊन राहिलं होतं.

आमचे हे, म्हणजे दिनानाथ, मिलच्या रंगखात्यात होते. हात कोपरापर्यंत निळे. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा माझी आत्या मोठ्याने म्हणाली, "शैले, नवरा चांगला आहे गं, पण अर्धाच कृष्ण आहे." मिल बंद झाल्यावर गल्लीतले सगळे पुरुष चहाच्या ठेल्यावर बसून मिल पुन्हा सुरू करायचे, रोज. ह्यांना ते जमेना. माझं माहेर नर्मदाकाठच्या महेश्वरचं. तिथे आमच्या शेजारी जनाबाई केवट राहायची. तिचा नवरा म्हातारा झाला, चप्पू, म्हणजे वल्हं, धरवेना, नाव घाटावर नुसती बांधलेली. जनाबाई ह्यांना म्हणाली, "जावईबापू, चलाओगे? आधा तुम्हारा, आधा मेरा."

रंगाच्या हौदापलीकडे पाणी न पाहिलेला माणूस, पण शिकले. सोमवारी जायचे, शनिवारी यायचे. हाताला घट्टे पडले, निळा रंग उतरत चालला. पण नाव काही केल्या पळेना. एकदा एक नवरदेव पलीकडच्या काठाला निघाला ह्यांच्या नावेतून. पोहोचला तेव्हा त्याला एवढी दाढी आली होती, की सासरच्यांनी साधूबाबा समजून पायच धरले.

घाटावरच्या नावांचा मुखिया उदयसिंह. कुणाची नाव कधी सुटणार तो नंबर त्याच्या हातात. तो पावसाळ्याच्या तोंडावर म्हणाला, "दीनाभाई, आदमी तुम खरे हो। पर ये नाव है कि भैंस? पानी में बैठी सो बैठी। मागचे सगळे खोळंबतात." मग त्याने फैसलाच सुनावला. पावसात तर नावा बंदच असतात. दसऱ्यानंतर पाणी उतरलं की सगळ्या नावा सवाऱ्यांसकट एकदम सोडायच्या, समोरच्या काठाला टेकून परत यायचं. घाटावर तो एक अगरबत्ती लावणार. अगरबत्ती विझायच्या आत जी नाव परत नाही आली, तिचा नंबर कटला.

हे घरी आले, जेवले नाहीत. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "काही नाही गं शैला. दुसरी मिल बंद होऊन राहिली आहे."

आता नाव हळू का चालते? दुसऱ्या दिवशी मी ह्यांच्याबरोबर महेश्वरला गेले आणि नाव उलटी करवली. बघते तर काय, सगळ्या बुडाला शेवाळ! माझे केस तेव्हा कमरेपर्यंत होते, पण शेवाळापुढे मला लाज वाटली. त्यात गोगलगायी, शिंपले, सहकुटुंब सहपरिवार राहून राहिलेले. एक म्हैस आली आणि नावेवरच चरायला लागली. जनाबाई म्हणाली, "हर साल खुरचते हैं बेटी, फिर उग आती है." खरवडलं की पंधरवड्यात पुन्हा जंगल. म्हणजे खरवडून भागणार नव्हतं. बुडाला असा काही रंग द्यायला हवा होता, की शेवाळ धरणारच नाही.

रंग म्हटल्याबरोबर ह्यांचा चेहरा बदलला. रंगखात्याचा माणूस! "शैला, नाव इंदूरला न्यायची."

आमच्या गल्लीतल्या एकाचा ट्रक निमाडातून केळी आणायचा. केळ्यांवर नाव उपडी ठेवली, नावेवर आम्ही दोघं बसलो आणि घाट चढून आलो. टपावर बसून मी वाटेत इतकी केळी खाल्ली, की चुंगीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर मालाचं वजन कमी भरलं आणि माझं जास्त. नाव गल्लीत चार ड्रमांवर उपडी टाकली. मग आम्ही निघालो रंग घ्यायला.

राजवाड्याजवळच्या गल्लीत एक रंगवाला होता. ह्यांनी सांगितलं, नावेच्या बुडाला लावायचा आहे. त्याने एक चकचकीत डबा काढून नवरीसारखा समोर ठेवला. वर जहाजाचं चित्र. "भाभीजी, अब तो सब खुल गया है. बाहर का माल! समंदर के जहाज वाला. इसके पास काई, कीड़ा, कुछ नहीं फटकता."

मी म्हटलं, "का नाही फटकत? स्वभाव वाईट आहे का त्याचा?"

"तांबा है इसमें भाभी. जहर है, जहर!" असं म्हणाला की जणू केशर आहे.

ह्यांनी डबा उघडून वास घेतला आणि डोळे मिटले. मिलच्या हौदाचा वास आला असणार. माझा नवरा गेला हातचा, मी म्हटलं. पण रंगखात्यात एक रीत होती. नवा रंग आधी चिंधीवर, मग ताग्यावर. तेवढी ह्यांच्या अंगात मुरलेली होती. म्हणून आम्ही तीन फळ्यांवर बघायचं ठरवलं. एका फळीला साधं डांबर. दुसरीला हा बाहेरचा माल. तिसरीचा रंग नानासाहेबांनी सुचवला.

नानासाहेब म्हणजे मिलमधले फिटर, आमच्या समोरच राहायचे. गणपतीत मिलच्या झांक्या, म्हणजे देखावे निघायचे, त्यांचे मुख्य कारागीर तेच. ते म्हणाले, "मशीनला जिथे तेल चालत नव्हतं तिथे आम्ही ग्रेफाइटची काळी पूड टाकायचो. काय घसरतं भिया! ती लाव." आता पूड लाकडाला चिकटणार कशी? तर मी म्हटलं, अळशीच्या तेलात कालवा. तव्याला अळशीचं तेल चोळून तापवलं तर धिरडं कसं सुटतं? राळ घालून उकळा, घट्ट बसेल. नानासाहेब म्हणाले, "वहिनी, तुम्ही मिलमध्ये का नाही लागलात?" मी म्हटलं, "लागले असते तर बंद पडू दिली असती का?"

फळ्या बुडवल्या कुठे? बंद मिलच्या हौदात. पहारेकरी आमच्याच गल्लीतला. पाणी थांबून थांबून असं हिरवं झालं होतं, की त्यातले मासे धडकत धडकत पोहायचे. काही दिवसांनी फळ्या काढायला गेलो. डांबराच्या फळीला दाढी आली होती, मिशी आली होती, भांग पाडायचा तेवढा राहिला होता. बाहेरच्या मालाची फळी साफ, आरशासारखी! हे तर नाचायलाच लागले. मी म्हटलं, "अहो, नाचायच्या आधी खाली बघा." फळीच्या आसपासचे मासे सगळे पांढरं पोट वर करून.

तिसऱ्या फळीवर पातळ बुळबुळ होती, पण बोट फिरवलं की निघाली. माझ्या डोळ्यांदेखत एक गोगलगाय चढायला लागली. घसरली. पुन्हा चढली, पुन्हा घसरली. शेवटी तिने माझ्याकडे असं बघितलं, की मीच तिला सॉरी म्हटलं.

पण हे अडून बसले. "शैला, ह्या काळ्या रंगाला दर थोड्या दिवसांनी पुसावं लागेल. बाहेरचा लावला की निश्चिंत. माझा नंबर जाऊन राहिला आहे आणि तुला मासे दिसून राहिले आहेत?"

"हो, दिसून राहिले आहेत," मी म्हटलं. "तुमच्या नावेत लोक कशाला बसतात? पिठाच्या गोळ्या घेऊन येतात, मैयाच्या माशांना घालतात. गोळी टाकायची आणि खालून मासा उलटा यायचा? नंबर राहील तुमचा. नावेत बसेल कोण?"

ह्यांनी एक उलटा मासा काठीने बाजूला सारला. मग म्हणाले, "पुसायचं कोण मग?"

"तुम्ही. मी काय सोमवारी महेश्वरला येऊन भांडी घासू?"

तर काळा रंग ठरला. आणि तेवढ्यात आली अनंत चतुर्दशी.

इंदूरबाहेरच्यांना सांगते. त्या दिवशी आमचे मिलवाले झांक्या काढतात. ट्रकांवर हलणारे देव, राक्षस, हजारो बल्ब, सगळं शहर रस्त्यावर. मिल बंद पडली तरी झांकी बंद पडत नाही. पगार नाही तर नाही, झांकीला नाक आहे! त्या वर्षी वर्गणी कमी, लाकूड कमी, कापड कमी. नानासाहेब गल्लीत उपड्या पडलेल्या नावेभोवती फिरले. एकदा फिरले, पुन्हा फिरले. मग हळूच म्हणाले, "दिना, ही नाव नाही रे. ही मगर आहे."

"कुठली मगर?" ह्यांनी विचारलं.

"गजेंद्रमोक्षातली. हत्तीचा पाय धरलेली."

आता कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, भिया, माझं पोट ह्या नावेवर आहे, दुसरी मगर बघा. पण मिलचा माणूस! झांकी म्हटली की त्याला बायको दिसत नाही. ह्यांचे डोळे चमकले. "घ्या ना नानासाहेब! पाठीवर खवले काढू. प्रत्येक खवल्यात बल्ब!" आणि बल्बच्या तारा आत घ्यायला म्हणून ड्रिल कुणी हातात घेतलं? ह्यांनीच.

झांकी मात्र अशी झाली की विचारू नका. हिरवे-लाल बल्ब पाठीवरून शेपटीपर्यंत पळायचे, जबडा उघडायचा, मिटायचा. राजवाड्यापुढे आली तेव्हा पुढच्या झांकीतला हत्ती, जो आमचा नव्हताच, त्याने भिऊन पाय वर घेतला.

दुसऱ्या दिवशी नाव परत ड्रमांवर. जागरणाने दमलेले हे तिच्याखाली सावलीत आडवे झाले. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "शैला."

"काय?"

"दिवसा तारे दिसून राहिले आहेत."

मी वाकून पाहिलं. खवल्याखवल्याला भोक! नाव कुठली, पिठाची चाळणी. हे तसेच आडवे, डोळे आभाळाकडे. मला खरं तर रडायला यायला पाहिजे होतं, दसरा पुढ्यात आला होता. पण मी जी हसायला लागले ती खाली बसले. मग नावेखालून ह्यांचंही हसू आलं, आधी बारीक, मग ठो ठो. नानासाहेब धावत आले, त्यांना वाटलं कुणीतरी गेलं. भोकं बघून त्यांचा चेहरा उतरला. तसेच गेले आणि पोतं पाठीवर घेऊन आले. पोत्यात मिलच्या लाकडी बॉबिनी, ज्यांवर सूत गुंडाळायचे त्या. एका टोकाला निमुळत्या. अशी बॉबिन भोकात ठोकली की बूच! वरचं टोक कापून टाकायचं, पाण्यात लाकूड फुगलं की हालणार नाही. सगळी गल्ली ठोकायला बसली. आमच्या नावेत अर्धी मिल आहे असं लोक म्हणतात ते उगाच नाही.

मग रंग. ह्यांनी पुन्हा रंगखात्याचा मुकादम अंगात आणला. झांकीचा हिरवा रंग खरवडून काढला. "लाकूड कोरडं पाहिजे. ओल्यावर लावलं तर पापुद्रे निघतील. रंग पाहुण्यासारखा असतो, त्याला बसायला वेळ द्या." गल्लीच्या तोंडाशी चूल मांडून अळशीचं तेल राळ घालून उकळलं. त्या वासाने पार पाटणीपुऱ्यापर्यंत लोक शिंकले. पहिला हात नुसत्या तेलाचा, पातळ, सुताच्या गुंत्याने चोळून चोळून जिरवलेला. तो वाळला. मग काळी पूड कालवून दुसरा हात, तो वाळला की तिसरा. पण चकाकी येईना. मी स्टीलची वाटी आणली आणि वाटीच्या बुडाने घासून पाहिलं. जिथे घासलं तिथे चंद्र उगवला!

नवरात्र लागलं होतं. आमच्याकडे मराठी बायका पाटावर हत्ती मांडून त्याभोवती भोंडला खेळतात. त्या वर्षी भोंडला नावेभोवती झाला. एका हातात वाटी, फेर धरायचा, गाणं म्हणत म्हणत घासायचं. समोरची पूर्णिमा, यू.पी.ची, तिला गाणी येत नव्हती. ती म्हणाली, "दीदी, हम तो बस घिसेंगे और हँसेंगे." रोज वेगळी खिरापत. शेवटच्या दिवशी नाव अशी झाली, की माशी बसली तर घसरायची. मग माश्या एकमेकींचे हात धरून बसायला लागल्या. एक पोलीस जरा टेकला, तो थेट नाल्यात जाऊन सलाम ठोकत उभा राहिला. नावेवर उन्हाची सावलीसुद्धा टिकेना.

दसरा झाला, नाव पुन्हा ट्रकवर चढली. ह्या वेळी दोरांनी आवळून, कारण घाटात ती दोनदा पुढे जायला बघत होती. महेश्वरच्या घाटावर सगळ्या नावा रांगेत. प्रत्येकीत सवाऱ्या पाहिजेत असा नियम, म्हणून आमच्या नावेत आम्ही गल्लीतल्या बायका. चप्पूवर हे, सुकाणूवर जनाबाई. उदयसिंहाने अगरबत्ती लावली आणि म्हणाला, "जय नर्मदे!"

सगळ्या नावा सुटल्या. आमची सुटलीच नाही. म्हणजे सुटली, पण रिकामी! आम्ही पाय ठेवला की ती पुढे सरकायची. एक पाय पायरीवर, एक नावेत, असं ताणून आम्ही उभ्या. जनाबाई ओरडली, "कूदो बेटी, कूदो!" उडी मारली तेव्हा बाकीच्या नावा मध्यावर गेल्या होत्या. हे चप्पूला हात लावायचेही विसरले. तोंडचं पाणी पळालेलं, अगरबत्तीकडे बघून राहिलेले.

"अहो, तिकडे काय बघता? मारा चप्पू!" मी म्हटलं.

त्यांनी एक चप्पू मारला. शप्पथ आहे, एकच! आमचे पदर मागच्या काठावर राहिले आणि आम्ही पुढे गेलो. एकेका नावेतले लोक बघून राहिले. एक नावाडी ओरडला, "ए दीनाभाई, इंजन लगाया क्या?" पूर्णिमा उलट ओरडली, "हाँ! बॉबिन वाला!" समोरचा काठ आला. टेकायचं होतं, पण टेकेल ती नाव कुठली? वाळूवर चढली, वाळूवरून शेतात, शेतात एक म्हातारा बकरीचं दूध काढत होता, त्याला वळसा घालून परत. बकरीने मान वर केली तोवर आम्ही पुन्हा पाण्यात. दूध मात्र थोडं आमच्या नावेत सांडलं, ते आम्ही मैयाला वाहिलं.

परतीला वारा समोरून. हे घामाघूम, चप्पूवर चप्पू मारून राहिलेले. बाकीच्या नावा आता मागे, पण ह्यांना त्या दिसतच नव्हत्या. ह्यांना घाटावरचा धूर तेवढा दिसत होता, बारीक, दोऱ्याएवढा. जनाबाईने सुकाणू सरळ धरलं आणि नाव पायऱ्यांवर आली. पायऱ्यांवरही थांबली नाही. एक चढली, दोन चढली, आणि उदयसिंहाच्या पायाशी जाऊन थांबली, कुत्र्यासारखी. अगरबत्तीचा तुकडा अजून लाल होता.

उदयसिंहाने वाकून नावेचं बूड पाहिलं. हात फिरवला. हात घसरून तो स्वतःच बसला. "दीनाभाई," तो खालूनच म्हणाला, "तुम्हारा नंबर पक्का. पर ये काला क्या है, हमारी नाव को भी लगाओ."

त्यानंतर दर पावसाळ्यात केळ्यांच्या ट्रकवरून नावा यायला लागल्या, परदेशीपुऱ्यात, उपड्या होऊन. हे रंग बसवायचे, नानासाहेब बूच ठोकायचे, आम्ही बायका वाट्या घेऊन फेर धरायचो. गल्लीतले जे पुरुष ठेल्यावर बसून मिल चालवायचे, त्यातले निम्मे इकडे खरवडायला आले. बाकीच्यांना चहा आम्ही पाठवायचो, मिल चालू ठेवल्याबद्दल. आणि झांकीवाल्यांना सक्त ताकीद दिली होती, की पाहुण्याच्या नावेला ड्रिल लावायचं नाही. फक्त बघायचं.

त्या दिवशी घाटावर, नंबर पक्का झाल्यावर, हे माझ्याजवळ आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "शैला, ही नाव मी नाही चालवली. तू चालवलीस."

हं. आता शप्पथ खाल्ली आहे आणि वरचे दात मला अजून वापरायचे आहेत, म्हणून सांगते. मगर, बकरी, पोलीस, माश्या, सगळं खरं. हे वाक्य तेवढं माझं आहे. ते खरं तर एवढंच म्हणाले होते, "अगं, डब्यात काही खायला उरलं आहे का?"